अंजिराच्या सात काड्या

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी कोलकात्याला गेले होते. लग्न सॉल्ट लेकला होतं. मधली एक दुपार मोकळी मिळाली, तेव्हा कुणाला फारसं न सांगता टॅक्सी केली आणि बालीगंजला गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी कोळशाची वखार होती. तिथे आता फुटपाथवर रोपांचं दुकान आहे. शेवंती, झेंडू, प्लास्टिकच्या पिशव्यांतून खत, नारळाचा भुसा, आणि एका उघड्या पोत्यात पांढरेशुभ्र दाणे. मी वाकून त्या पोत्यात हात घातला. मनगटापर्यंत हात आत गेला, पण हाताला वजन म्हणून लागेना. मूठ दाबली तेव्हा बारीक करकर ऐकू आली.

"दीदी, हात देबेन ना, धुलो उडबे," दुकानदार म्हणाला. हात घालू नका, धूळ उडेल.

"माहीत आहे. आधी पाणी शिंपडायचं," मी बंगालीत म्हटलं. इतक्या वर्षांनी ती भाषा तोंडात आली याचं मला त्याच्यापेक्षा जास्त नवल वाटलं. तो हसला. म्हणाला, हे पर्लाइट हल्लीच आलंय, तुम्हाला कसं माहीत? मी हात झटकला. पुढे जाऊन आमचं घर होतं ती जागा पाहिली. सात मजल्यांची इमारत आहे, खाली गाड्या लावायची सोय आहे. रखवालदाराने कोण हवंय म्हणून विचारलं. कुणी नको, म्हटलं, आणि समोरच्या कट्ट्यावर जरा वेळ बसले. डिसेंबरचं ऊन होतं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून मोहरीच्या तेलाचा वास येत होता.

सत्तर सालाच्या जरा आधी आम्ही इथे आलो. मी आठ वर्षांची होते. बाबा बँकेत अधिकारी होते. बदलीचा कागद आला, ट्रंका भरल्या, दोन दिवस गाडीत काढले आणि हावड्याला उतरलो. घोषाल म्हणून घरमालक होते, त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मागे पंपाशेजारी हातभर मोकळी जमीन होती. सकाळी लांबून ट्रामची घंटा ऐकू यायची आणि स्टेशनातून लोकलची शिटी. संध्याकाळी दारोदार कोळशाच्या शेगड्या पेटायच्या. त्या धुरात गल्ली निळसर व्हायची आणि मग एकामागून एक घरांतून शंख वाजायचे. मला ते सगळं दोन महिन्यांत माझं वाटायला लागलं. शाळेत बंगाली मुली होत्या, खेळता खेळता भाषा आली.

आईचं तसं झालं नाही. ती सासवडजवळच्या एका गावची. तिच्या वडिलांची अंजिराची बाग होती, आणि लग्न होईपर्यंत तिचे दिवस त्या बागेतच गेले होते. ती कधी रडगाणं गायची नाही. फक्त संध्याकाळी धूर यायला लागला की खिडक्या लावून घ्यायची आणि म्हणायची, "आत्ता बागेत पाणी सोडलं असेल." अंजिराच्या पानाचा वास कसा असतो ते ती मला सांगायचा प्रयत्न करी. हिरवा, जरासा खोबऱ्यासारखा. पान खरखरीत, अंगाला लागलं की खाज सुटते. देठ मोडला की पांढरा चीक बोटांना चिकटतो आणि झोंबतो. हे झोंबणं सांगतानाही तिचा चेहरा उजळायचा.

आम्ही इथे आल्यावर वर्षभरातच आजोबा गेले. मग बाग गेली. का, कशामुळे, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मोठी झाल्यावर मीही विचारलं नाही. एवढं आठवतं की बाग मोडायच्या आधीच्या दोन हिवाळ्यांत आईने मामाकडून अंजिराच्या काड्या मागवल्या होत्या. अंजिराला काही बी पेरावं लागत नाही. जून फांदीची वीतभर काडी मातीत खोचायची, मुळं फुटली की तेच झाड. पण इथली माती म्हणजे गंगेचा गाळ, हाताला लोण्यासारखा लागणारा. त्यात पाणी बसून राही. दोन्ही वेळा काड्या खालून काळ्या पडल्या, उपटल्यावर आंबूस वास आला. आमच्याकडे कामाला येणारी मिनती आईला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची; ती हे पाहत होती. तिने दुसऱ्या दिवशी बाजारातून पावशेर हिरवी डुमुरं आणून आईपुढे ठेवली. बंगालीत अंजिराला डुमुरच म्हणतात, पण ही रानटी, भाजीची. "बौदी, यासाठी एवढा त्रास? चार आण्याला मिळतात. बटाटा घालून छान होतात." आईला अर्धंच कळलं. कळलं तेवढ्याने ती दुखावली. "अंजिराची भाजी," असं ती बाबांना दोन-तीनदा म्हणाली.

तिसऱ्या हिवाळ्यात मामाचं पोस्टकार्ड आलं. माघात बाग मोडतो आहोत, शेवटच्या सात काड्या तुमच्या मराठी मंडळातल्या जोश्यांच्या मुलाबरोबर पाठवल्या आहेत, यापुढे मागू नकोस, झाडच नसेल. आईने कार्ड वाचलं, पदराने पुसल्यासारखं केलं आणि देवापाशी ठेवलं. दोन दिवसांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या सात काड्या आल्या. आईने त्या उघडल्याच नाहीत. गोणपाटावर पाणी शिंपडत राहिली. मातीत लावायची तिला भीती वाटत होती.

वरच्या मजल्यावर सुकुमारबाबू राहायचे. चाळिशीचे, एकटे, शहराबाहेर ऑक्सिजन तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. गच्चीवर त्यांचे गुलाब होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं होतं, "मला काकू म्हण." मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. बंगालीत काकाला काकू म्हणतात हे आम्हाला कुठलं माहीत? ते गेल्यावर आई तोंडावर पदर धरून इतकी हसली की बाबा आतून विचारायला आले. कोलकात्यात आल्यावर तिला हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं. पुढे आमच्या घरात ते सुकुमारकाकूच झाले, आणि गावाकडून आलेल्या पाहुण्यांना ते काकू म्हणजे मिशीवाले आहेत हे दरवेळी समजावून सांगावं लागे.

गोणपाटाची गोष्ट मीच त्यांना जिन्यात सांगितली. ते खाली आले, काड्या हातात घेऊन वास घेतला, बुंध्याकडची बाजू नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"जिवंत आहेत, बौदी. मातीत लावू नका. मला शनिवारपर्यंत वेळ द्या."

शनिवारी त्यांनी बिस्किटांचा मोठा डबा आणला. आत हे पांढरे दाणे. त्यांच्या कारखान्यात थंडगार टाक्या असत, दुहेरी भिंतींच्या. थंडी आतच राहावी म्हणून मधल्या पोकळीत हे दाणे भरत. टाकी दुरुस्तीला निघाली की जुने दाणे बाहेर ओतून देत, ते त्यांनी मागून आणले होते. हा दगड आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला नाही. भट्टीत तापवला की फुटून फुलतो, ज्वारी फुलावी तसा. आई दाणे तळहातावर घेऊन म्हणाली, "म्हणजे दगडाच्या लाह्या." सुकुमारकाकूंना लाह्या कळलं नाही. आईने उठून गावाहून आलेल्या लाह्यांचा डबा आणून दाखवला. त्यांनी दोन खाऊन पाहिल्या आणि मान डोलावली.

मग त्या दुपारी मागच्या दाराशी जे झालं ते मला एखाद्या पूजेसारखं आठवतं. काकूंनी नाकाला रुमाल बांधला, दाण्यांवर पाणी शिंपडलं, पांढरी धूळ खाली बसली. मूठभर दाणे घेऊन आईला म्हणाले, दाबा. थेंब पडला तर पाणी जास्त. आईने दाबले. एक थेंब पडला. त्यांनी आणखी कोरडे दाणे मिसळले. पत्र्याच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली. आईने विळीवर प्रत्येक काडीचं टोक डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, जरा खाली तिरकं कापलं. चीक आला. ती बोटं तिने लगेच धुतली नाहीत. काड्या तासभर सावलीत सुकवल्या, मग दोन डोळे दाण्यांत आणि दोन वर, अशा रोवल्या. वरून काचेचे पेले पालथे घातले. डबे स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या फळीवर ठेवले, ऊब लागावी म्हणून.

"आता महिनाभर कुणी हात लावायचा नाही," काकू माझ्याकडे बघून म्हणाले. "गाछ घुमोच्छे. डेको ना." झाड झोपलंय, हाक मारू नकोस.

मी दहा वर्षांची होते. शाळेतून घरी यायची त्या वेळी आई मागे पंपावर पाणी भरत असे. पंधरा दिवस मी नुसती पेल्यांतून पाहत राहिले. पेल्यांना आतून दव धरायचं. वर काहीच दिसत नव्हतं, म्हणजे खाली काय चाललंय हे पाहायलाच हवं होतं. सोळाव्या की सतराव्या दिवशी मी एक पेला उचलला आणि काडी अलगद ओढली. ती सहज आली. टोकाशी गोळा आला होता, आणि त्याला तांदळाच्या कणीएवढं पांढरं काही फुटलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ते कुणाला सांगूही शकले नाही. काडी परत खोचली. दुसऱ्या दिवशी दुसरी पाहिली. मग परत पहिली. पहिलीच्या टोकाशी आता काही नव्हतं. पांढऱ्या दाण्यांत ते कुठे मोडून पडलं, मला सापडलं नाही.

आठ-दहा दिवसांत चार काड्या काळवंडल्या. आईने त्या काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या. ती बाबांना म्हणाली, "माझ्या हातालाच यश नाही. माझ्या बाबांनी नुसती वाळलेली फांदी टोचली तरी पालवी यायची. मी काहीही केलं तरी कुजतं." बाबा म्हणाले, अगं अजून तीन आहेत. "जातील त्याही," आई म्हणाली. तिने ते अगदी साध्या आवाजात म्हटलं, दूध संपलंय म्हणावं तसं.

त्या संध्याकाळी मी अर्ध्या जेवणातून उठले. दुसऱ्या दिवशी सुकुमारकाकू कारखान्यातून यायच्या वेळी मी जिन्यात बसून राहिले. ते आले, पिशवी खाली ठेवली आणि माझ्याजवळ पायरीवर बसले. मी सगळं सांगितलं. बाहेर मुरमुरेवाला ओरडत गेला.

"आईला सांग," ते म्हणाले.

"ती रडेल."

"रडेल. पण आपला हात वाईट आहे असं तिला वाटतंय. ते तसंच राहू द्यायचं का?"

आई मटार सोलत बसली होती. मी समोर उभी राहिले.

"आई, त्या काड्या मी उपटून बघत होते."

तिचे हात थांबले. "कधी?"

"रोज. शाळेतून आल्यावर. मुळं माझ्या हातून मोडली. तुझ्या हाताचं काही नाही."

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता चापट बसेल. काहीच झालं नाही, म्हणून उघडले. आई माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"मुळं होती?"

"हो."

"नक्की मुळं? पांढरी बुरशी नव्हती ना?"

"नाही. मुळंच. कणीएवढी. एकीला तर चार होती."

"चार," आई म्हणाली. ती उठली तेव्हा मांडीवरचे मटार फरशीभर घरंगळत गेले. तिने ते उचलले नाहीत. फळीपाशी जाऊन उरलेल्या तीन डब्यांसमोर उभी राहिली. बाबा बँकेतून आले तेव्हा त्यांनी बूट काढायच्या आत तिने सांगितलं, "अहो, धरत होतं ते. एकीला चार मुळं होती." मला बोलणी बसली ती दुसऱ्या दिवशी, आणि ती चांगली आठवडाभर पुरली. पण त्या संध्याकाळी तिने खिडक्या लावल्या नाहीत. धूर घरात आला, शंख ऐकू आले, आणि ती ओट्याशी काहीतरी गुणगुणत होती.

उरलेल्या तीन जगल्या. फाल्गुनात एकीला पान आलं, पाच बोटं मिटलेल्या तान्ह्या मुलाच्या मुठीसारखं. आईने मला बोलावून त्याचा वास घ्यायला लावला. ती म्हणत होती तसाच होता. एक झाड मागे पंपाशेजारी विटांचे तुकडे घालून लावलं, एक गच्चीवर पिंपात, तिसरं सुकुमारकाकूंच्या गुलाबांत.

त्या वर्षांचं काय काय आठवतं. युद्धाच्या दिवसांत खिडक्यांच्या काचांना चिकटवलेला तपकिरी कागद आणि त्यातून येणारा मधाच्या रंगाचा दिवस. शहरातल्या खूनबाजीमुळे काही महिने मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि अंधार पडायच्या आत दारं लागायची. वीज गेली की सगळी गल्ली गच्चीवर यायची, ताडाच्या पंख्यांची फडफड, कुणीतरी पेटी काढायचं. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून हातरिक्षा जायची आणि तिची घंटा पाण्यावरून वेगळीच वाजायची. हिवाळ्यात खजुराच्या नव्या गुळाचा वास. या सगळ्यात आई कधी मिसळली ते मला नेमकं सांगता येणार नाही. मिनतीची मुलगी पहिलीत गेली, तेव्हा तिच्या पुस्तकातून आई तिच्याबरोबर बंगाली अक्षरं गिरवायला लागली. मग ट्रामच्या पाट्या वाचायला लागली. घोषालांच्या पत्नीकडून ती शुक्तो, म्हणजे कारलं घातलेली कडसर मिसळभाजी, शिकली आणि त्यांना तिने थालीपीठ शिकवलं. काही काळाने ती मासेबाजारातून जाताना नाकाला पदर लावेनाशी झाली.

तिसऱ्या वर्षी चैत्रात गच्चीवरच्या झाडाला पहिलं अंजीर धरलं. बुलबुलांनी खाऊ नये म्हणून आईने त्याला जुन्या धोतराची पिशवी बांधली. ते पिकलं त्या सकाळी तिने सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. बशीत ठेवून सुरीने त्याचे सात तुकडे केले. घोषाल नवराबायको, सुकुमारकाकू, मिनती, आम्ही तिघं. तुकडा नखाएवढाच आला. मिनती चघळत म्हणाली, "अगो, हे तर मिष्टी डुमुर." गोड डुमुर. आईने आपला तुकडा जिभेवर ठेवला आणि बराच वेळ गिळला नाही. बाबांनी विचारलं, कसं आहे?

"पाणी जास्त आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण तेच आहे."

मी पंधरा वर्षांची असताना बाबांची नागपूरला बदली झाली. कागद पौषात आला, निघायचं चैत्रात होतं. आईने सुकुमारकाकूंकडे पुन्हा दाणे मागितले. या वेळी तिने स्वतःच दाबून पाहिले. थेंब पडला नाही. तिन्ही झाडांच्या मिळून अकरा काड्या लावल्या, अकराही जगल्या. मग ती त्या वाटत सुटली. घोषालांच्या लेकीच्या सासरी एक. मिनतीला एक. कोपऱ्यावरच्या शिंप्याला. माझ्या बंगालीच्या बाईंना. मराठी मंडळातल्या सात घरी हळदीकुंकवाला गेली तेव्हा ओटीत नारळाऐवजी डबाच ठेवून आली. शेवटचा डबा गेला तेव्हा मी विचारलं, "आणि आपल्याला?"

"आपल्याला नको."

मला राग आला. बाबाही म्हणाले, नागपूरला चांगलं होईल, कोरडी हवा आहे, एक तरी घेऊ.

"घेऊ की नंतर," आई म्हणाली. ती ट्रंकेत साड्या भरत होती. "मागवीन. आता मागायला इथे अकरा घरं आहेत."

हावड्याला सुकुमारकाकू पोचवायला आले. गाडी हलली तेव्हा आई खिडकीतून त्यांच्याशी बंगालीत काहीतरी भराभर बोलत होती, घाईत मराठी शब्दही त्यात मिसळत होते. ते सगळ्याला "हो बौदी, हो" म्हणत गाडीबरोबर चालत राहिले.

दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. घोषालांचं घर विकलं गेलं होतं. मागचं झाड आणि गच्चीवरचं पिंप दोन्ही गेलं. गुलाब आणि आपलं अंजीर त्यांनी भाच्याच्या घरी हलवलं होतं, तिथे ते तगलं नाही. आई पत्र घेऊन अंगणात बसली. संध्याकाळी तिने वहीचा कागद फाडला आणि आपल्या वाकड्यातिकड्या बंगाली अक्षरांत उत्तर लिहिलं. दोन-तीन काड्या मिळाल्या तर पाठवा.

हिवाळ्यात मंडळातले एक गृहस्थ नागपूरमार्गे गावी जात होते, त्यांनी पुडकं आणून दिलं. ओल्या कापडात पाच काड्या होत्या. प्रत्येकीला रंगीत दोरा आणि दोऱ्यात कागदाचा तुकडा, त्यावर सुकुमारकाकूंच्या अक्षरात नाव. आई चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचत गेली. बाई. शिंपी. जोशी. घोषालांची लेक. शेवटी तांबडा दोरा बांधलेली होती, तिच्यावर मिनती.

नागपुरात पांढरे दाणे कुठे मिळणार? बाबांनी नदीची जाड वाळू चाळून ठेवली होती. मी घमेलं पुढे केलं आणि विचारलं, कुठली आधी लावू?

"मिनतीची," आई म्हणाली. "तिच्याकडे नळाला सकाळी अर्धा तास पाणी येतं. त्यातलं तिने या झाडाला घातलं."